पहिल्यांदाच घरी डेस्कटॉप जोडतेय: क्रम काय ठेवू, जोर किती लावू?

अबोली_२७

नमस्कार मंडळी,

मी टूडी ॲनिमेशन आणि व्हिडिओ एडिटिंगचं काम करते. आजवर सगळं लॅपटॉपवर निभावलं, पण रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढण्याचं काम) लावला की त्यावर दुसरं काहीच करता येत नाही. म्हणून डेस्कटॉप घ्यायचं ठरवलं, आणि तो स्वतःच्या हातानं जोडायचा हेही ठरवलं. भाग निवडायला बराच वेळ घेतला. आता सगळे खोके समोर आहेत:

प्रोसेसर: एएमडी रायझन ५ ७६००, सोबत आलेला कूलरच वापरणार
मदरबोर्ड: बी६५० चिपसेट, मायक्रो एटीएक्स, रॅमचे चार स्लॉट
रॅम: डीडीआर५ ६०००, १६ जीबीच्या दोन स्टिक
एसएसडी: १ टीबी एनव्हीएमई
ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ४०६०
पॉवर सप्लाय: ६५० वॉट, गोल्ड, पूर्ण मॉड्युलर (सगळ्या वायरी सुट्या)
कॅबिनेट: एका बाजूला काच, पुढे दोन पंखे, मागे एक

बोर्डाचं मॅन्युअल वाचून काढलंय. व्हिडिओही पाहिले, पण प्रत्येकाचा क्रम निराळा. कुणी पॉवर सप्लाय आधी बसवतो, कुणी शेवटी. आणि सगळे एवढ्या सराईतपणे हात चालवतात की कुठे जोर लावला आणि कुठे नुसतं टेकवलं, ते कळतच नाही. मला नेमकं तेच विचारायचंय. क्रम काय ठेवावा आणि तोच का? कुठे दाबायचं, कुठे अजिबात दाबायचं नाही? आणि स्थिर विजेची भीती कितपत खरी आहे?

मला घाई नाही. नीट समजून घेऊनच हात घालायचाय.

झटपट_जोडणी

अभिनंदन! क्रमाचा फार विचार करू नका. बोर्डावर प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी लावा. बोर्ड कॅबिनेटमध्ये टाका, वायरी जोडा, कार्ड लावा, बटण दाबा. आजकाल प्रत्येक कनेक्टरला खाच असते, उलटं बसतच नाही. एका दुपारचं काम आहे, बिनधास्त करा.

स्क्रूमास्तर

अबोली, भाग एकमेकांना जुळणारे आहेत. शिवाय या प्रोसेसरमध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, ते तुम्हाला पहिल्याच टप्प्यात उपयोगी पडणार आहे.

मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या हार्डवेअर लॅबमध्ये मुलांकडून मशीन जोडून घेतोय. माझा आग्रह एकच असतो: बोर्ड कॅबिनेटमध्ये जाण्याआधी टेबलावर चालू झालेला पाहिजे. बाकीचा सगळा क्रम त्यातूनच ठरतो. सगळं आत बसवून, वायरी बांधून बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला, तर संशय कुणावर घ्यायचा? रॅमवर, वायरीवर, बटणाच्या पिनांवर, बोर्डाखालच्या स्क्रूवर, कार्डावर? टेबलावर फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि पॉवर सप्लाय असतो. बिघाड असलाच तर तो या चौघांतच शोधायचा.

टेबल लाकडी असू द्या. बोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला, त्याच खोक्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीत तो गुंडाळलेला होता, तिच्यावर ठेवून वीज देऊ नका. ती पिशवी स्थिर वीज पसरवून घालवण्यासाठी बनवलेली असते, म्हणजे थोडीफार वीज वाहून नेणारीच.

आता जोराचं. प्रोसेसर ठेवताना शून्य जोर. तुमच्या बोर्डावरच्या एएम५ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेत, १७१८ बारीक पिना असतात, आणि त्या प्रोसेसरवर नसून सॉकेटमध्ये असतात. बोट, बाही, टिशूचा कागद, काहीही त्यांना लागता कामा नये. पिन वाकली तर बोर्ड गेला असंच धरून चाला. बाजूचा दांडा थोडा खाली दाबून बाहेर सरकवा, तो वर येईल. मग लोखंडी चौकट उघडा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे, तसाच त्रिकोण सॉकेटच्या कोपऱ्यावर. दोन्ही जुळवून प्रोसेसर दोन कडांनी धरा आणि सरळ वरून खाली ठेवा. ठेवा म्हणजे नुसता सोडून द्यायचा. सरकवायचा नाही, दाबायचा नाही.

चौकट बंद करून दांडा खाली आणताना मात्र चांगला जोर लागतो. करकर असा आवाज येतो आणि नवख्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो. तो आवाज यायलाच हवा. त्याच वेळी चौकटीवरचं काळं प्लास्टिकचं झाकण टपकन उडून बाहेर येतं. ते आधी हातानं काढायचं नाही, आणि नंतर टाकूनही द्यायचं नाही. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली, तर सॉकेटवर ते झाकण असल्याशिवाय बरेचदा बोर्ड घेत नाहीत.

रॅमला जोर लागतो, आणि बहुतेक नवी मंडळी इथेच कमी पडतात. तुमच्याकडे चार स्लॉट आहेत आणि स्टिक दोन. प्रोसेसरच्या बाजूनं मोजलं तर दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. बोर्डावर त्यांची नावं बहुधा ए२ आणि बी२ अशी छापलेली असतील, मॅन्युअलमध्ये एकदा ताडून घ्या. स्टिकची खाच मधोमध नसते, थोडी एका बाजूला असते. ती स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा, मग दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा. बोर्ड किंचित लवेल. खटका ऐकू आला पाहिजे आणि चाप आपोआप स्टिकच्या टोकाला धरून बसला पाहिजे. चाप हातानं ओढून लावावा लागला, तर स्टिक पुरती बसलेली नाही. काही बोर्डांवर चाप एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी बाजू हलत नाही म्हणून घाबरू नका.

एसएसडीला जोर नाही. बोर्डावर एम.२ चे, म्हणजे एसएसडी बसवायचे, एकापेक्षा जास्त स्लॉट असतील, त्यातला प्रोसेसरच्या जवळचा वापरा. तो सहसा थेट प्रोसेसरशी जोडलेला असतो. वर ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर ती काढा. पट्टीच्या आतल्या बाजूला मऊ पॅड असतो आणि पॅडवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद. तो कागद सोलून काढायचाच, नाहीतर पट्टी असून नसल्यासारखी. एसएसडी तिरकी धरून खाचेत सरकवली की सोडल्यावर ती तशीच तिरकी उभी राहते. बोटानं आडवी करा आणि स्क्रू लावा. हा स्क्रू इतका बारीक असतो की जमिनीवर पडला तर सापडणं मुश्कील, म्हणून खाली एखादं फिक्या रंगाचं कापड अंथरा.

कूलर. ७६०० सोबत येणाऱ्या कूलरला खाली राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते, त्यामुळे वेगळी पेस्ट लागत नाही. तिला बोट लावू नका आणि कूलर त्या अंगावर खाली ठेवू नका. हा कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसतो. त्याआधी बोर्डावरच्या काळ्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या स्क्रू काढून बाजूला करायच्या. एएम५ मध्ये खालची लोखंडी प्लेट सॉकेटलाच धरून असते, ती पडत नाही. जुन्या एएम४ बोर्डांवर ती निसटून खाली पडते, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून गोंधळू नका. चारही स्क्रू आधी नुसते धरतील एवढेच फिरवा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांचे आळीपाळीनं दोन-दोन फेरे, अडेपर्यंत. एकच कोपरा पूर्ण आवळला तर कूलर तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला सरकते. पंख्याची वायर सीपीयू फॅन असं छापलेल्या पिनांवरच लावा. दुसरीकडे लावली तर चालू होताना बोर्ड पंखा नसल्याची तक्रार करतो.

आता चाचणी. पॉवर सप्लाय टेबलावरच बाजूला ठेवा आणि त्याच्या दोनच वायरी बोर्डाला जोडा: २४ पिनांची मोठी, आणि प्रोसेसरची ८ पिनांची, जी वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते. २४ पिनांच्या वायरीला चांगलाच जोर लागतो. बोर्डाची कड खालून बोटांनी धरून वरून दाबा, म्हणजे बोर्ड वाकणार नाही. ग्राफिक्स कार्ड अजून खोक्यातच राहू द्या. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडा, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स इथे कामाला येतं. बटण नाहीच, त्यामुळे खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या पिनांपैकी पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर एकमेकींना टेकवा. मॅन्युअलमध्ये चित्र आहे, नेमक्या त्याच दोन पिना बघून घ्या. कॅबिनेटचं बटण तरी दुसरं काय करतं? त्याच दोन पिना क्षणभर जोडतं.

बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी बोर्डावर चालणाऱ्या सेटिंगच्या प्रोग्रामचा, पडदा आला की चार गोष्टी बघा: प्रोसेसरचं नाव, रॅम ३२ जीबी, एसएसडीचं नाव, तापमान. चारही बरोबर असतील तर अवघड भाग संपला.

नंतर सप्लायचं मागचं बटण बंद, मग बोर्ड कॅबिनेटमध्ये. बोर्डाला जिथे भोकं आहेत तिथेच पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब, हवेत. एखादा जास्तीचा स्टँडऑफ बोर्डाखाली नको तिथे राहिला, तर तो मागच्या डागकामाला टेकतो आणि शॉर्ट होतो. प्रोसेसरची ८ पिनांची वायर वरच्या भोकातून आधीच ओढून ठेवा, बोर्ड बसल्यावर तिथे हात जात नाही. मग पुढच्या पॅनेलच्या वायरी. पॉवर आणि रिसेटच्या वायरी उलट-सुलट लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या मात्र नाहीत. दिव्याला अधिक-उणे असतं. पुढच्या यूएसबी ३ चा जाड निळा-काळा कनेक्टर फार जपून. त्याच्या पिना तिरक्या दाबानं लगेच वाकतात. सरळ धरा, सरळ घाला. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी, कारण ते बसलं की खालचं काहीच दिसत नाही. सर्वांत वरचा लांब स्लॉट, खटका ऐकू येईपर्यंत.

स्थिर विजेचं म्हणाल, तर धोका खरा आहे पण सांभाळता येण्यासारखा. गालिचावर उभं राहून, लोकरीचा स्वेटर घालून काम करू नका. दर थोड्या वेळानं सप्लायच्या धातूच्या खोक्याला हात लावा. बोर्ड आणि कार्ड कडेनं धरा.

विद्युतवेडा

मास्तरांनी सगळं सविस्तर लिहिलंच आहे. मी फक्त विजेच्या बाजूनं बोलतो.

सप्लायच्या खोक्याला हात लावल्यानं स्थिर वीज उतरते ती त्या खोक्याला खरी अर्थिंग मिळत असेल तरच. म्हणजे तीन पिनांची वायर भिंतीत लावलेली, सप्लायचं बटण बंद, आणि भिंतीतल्या सॉकेटची अर्थिंग खरोखर जोडलेली. वायर काढून ठेवलेल्या सप्लायला हात लावलात तर तुम्ही आणि तो खोका एका पातळीवर येता, पण जमिनीला काही जात नाही. तरीही बोर्ड, सप्लाय आणि तुम्ही तिघं एका पातळीवर असणं हेच महत्त्वाचं, कारण नुकसान होतं ते पातळीतल्या फरकानं. तेव्हा कॅबिनेट असो वा सप्लाय, धातूला हात लावून मगच नवीन भाग पिशवीतून काढा.

दुसरं: मशीन बंद दिसतंय म्हणून बोर्डावर वीज नाही असं समजू नका. सप्लायचं बटण चालू असेल तर ५ व्होल्टची स्टँडबाय वीज बोर्डाला मिळतच राहते. कुठलाही भाग काढण्या-घालण्याआधी मागचं बटण बंद करा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज संपेल.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमचा सप्लाय पूर्ण मॉड्युलर आहे. त्याच्या खोक्यातून ज्या वायरी आल्या त्याच वापरा. बोर्डाकडच्या टोकाचे कनेक्टर सगळीकडे सारखे असतात, पण सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर किती व्होल्ट, याचं एकच एक प्रमाण नाही. दुसऱ्या मॉडेलची वायर अगदी घट्ट बसते आणि १२ व्होल्ट नको तिथे पोहोचवते. एका ओळखीच्या घरी जुन्या सप्लायची साटा वायर (हार्ड डिस्कला वीज देणारी) नव्याला लावली, तर सगळ्या हार्ड डिस्क एकदम गेल्या. सप्लायला काहीही झालं नव्हतं.

प्रोसेसरची ८ पिनांची आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची या दोन वेगळ्या वायरी आहेत. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी दुभंगते, कार्डाची ६ अधिक २ अशी. बहुतेक ४०६० कार्डांना एकच ८ पिनांची लागते.

६५० वॉट पुरेल का अशी शंका असेल तर सांगतो. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉटच्या आसपास घेतो, ४०६० ला ११५ वॉट, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ धरा. निम्म्याच्याही खाली आहात. गोल्ड म्हणजे कार्यक्षमता, ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडला ९० टक्के. तो शिक्का बांधणीच्या दर्जाबद्दल काही सांगत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि सप्लायचं खोकं कधीही उघडू नका. आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही भरलेले असू शकतात.

झटपट_जोडणी

मास्तर, आदर आहे, पण बाहेर चाचणी म्हणजे दोनदा काम नाही का? सगळे भाग नवे आहेत. शंभरातल्या बहुतेक वेळा पहिल्याच झटक्यात चालू होतं. न झालं तर तेव्हा बाहेर काढता येतंच की.

स्क्रूमास्तर

वाढीव काम किती, तर दोन वायरी लावायच्या आणि काढायच्या. प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी तर तुम्हीही बाहेरच लावता.

पण मी आग्रह धरतो तो वेळेसाठी नाही. आमच्या लॅबमध्ये एका मुलानं सगळं व्यवस्थित बसवलं, वायरी सुंदर बांधल्या, आणि मशीन क्षणभर पंखा फिरवून बंद पडायचं. त्यानं रॅम बदलली, सप्लाय बदलला, शेवटी बोर्डच खराब असल्याचं ठरवून मोकळा झाला. बोर्ड बाहेर काढून खोक्यावर ठेवला तर उत्तम चालला. कॅबिनेटमध्ये आधीच्या मोठ्या बोर्डाचा एक स्टँडऑफ तसाच राहिला होता. बोर्ड आधी टेबलावर चालवला असता, तर आत गेल्यावर बंद पडताच त्याला लगेच कळलं असतं की दोष कॅबिनेटमधला आहे. चांगल्या बोर्डावर आळ आला नसता. पहिल्यांदा जोडणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी स्वतःच्या हातांवर शंका येते. मधल्या टप्प्यावर एकदा बायोस दिसला की तो विश्वास येतो, आणि पुढचं काम शांतपणे होतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

झटपट_जोडणी

हे पटलं. मी स्टँडऑफचा विचारच केला नव्हता, माझी कॅबिनेटं नेहमी नवीच असतात.

अबोली_२७

मास्तर, विद्युतवेडा, खूप खूप आभार. आत्ता टेबलाशीच बसलेय. प्रोसेसर बसला, दांड्याचा तो आवाज सांगून ठेवलात म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच थांबले असते. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, दोन्हींचा खटका ऐकला. कूलर झाला. दोन वायरी लावल्या. पिना टेकवल्या, पंखा फिरायला लागला, पण पडदा काळा! बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, त्यातला डीरॅम लिहिलेला पिवळा दिवा लागून राहिलाय. बंद करून रॅम पुन्हा बसवू का?

स्क्रूमास्तर

हात लावू नका! बंद करू नका. चालू आहे तसंच राहू द्या आणि उठून फेरी मारून या.

एएम५ बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमशी ताळमेळ बसवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. प्रत्येक स्टिकला कुठल्या वेळेला, किती व्होल्टला माहिती नीट पोहोचते, ते तो तपासून ठरवतो. डीडीआर५ मध्ये याला काही मिनिटं लागतात. रॅम जास्त असेल तर आणखी. तेवढा वेळ पडदा काळा आणि डीरॅमचा दिवा चालू, हेच अपेक्षित आहे. मधेच स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू झालं तरी चालेल. पंधरा मिनिटं तरी द्या. लोक दोन मिनिटांत बंद करतात, रॅम काढून घालतात, आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

तेवढं थांबूनही दिवा तसाच राहिला, तर मग एकच स्टिक ठेवा, दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि पुन्हा तेवढाच वेळ द्या.

विद्युतवेडा

तो दिवा कुठला आहे हे सांगितलंत ते छान केलंत. ते चार दिवे म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. बोर्ड एकेक पायरी तपासत जातो आणि जिथे अडतो तिथला दिवा लागून राहतो. तुमचं प्रोसेसरच्या पुढे गेलंय, म्हणजे सॉकेट आणि ८ पिनांची वायर ठीक असणार.

अबोली_२७

आलं! बायोसचा पडदा आला! जीव भांड्यात पडला. प्रोसेसरचं नाव बरोबर, ३२७६८ एमबी, एसएसडीचं नाव आहे, तापमान ४४. फक्त एक, रॅमचा वेग ४८०० दाखवतोय. मी तर ६००० ची घेतली होती.

स्क्रूमास्तर

वा! छान.

४८०० बरोबर आहे. खोक्यावर लिहिलेला ६००० हा वेग आपोआप लागत नाही. तो स्टिकमध्ये एका प्रोफाइलमध्ये नोंदवलेला असतो आणि बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. एएमडीच्या बोर्डांवर त्याचं नाव एक्स्पो, इंटेलच्या बाजूला एक्सएमपी. ते चालू करून सेव्ह केलंत की पडदा परत काळा होईल आणि ट्रेनिंग पुन्हा होईल. आता तुम्हाला माहीत आहे, थांबायचं.

पण ते आज टेबलावर करू नका. आधी कॅबिनेटमध्ये बसवा, विंडोज टाका, मशीन ४८०० वर स्थिर चालतंय हे पाहा, मग एक्स्पो. एका वेळी एकच बदल. एक्स्पो लावल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम यूएसबीवर घेऊन रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर वेग ५६०० वर आणा. रेंडरच्या कामात तेवढ्या फरकानं काही अडत नाही, पण चुकणारी रॅम फाइली बिघडवते आणि कळतही नाही.

अबोली_२७

कॅबिनेटमध्ये बसवलं. सात-आठ वेळा स्टँडऑफ मोजले, हसू नका! यूएसबीचा निळा कनेक्टर घालताना श्वास रोखून धरला होता, पण सरळ गेला. चालू झालं. आता विंडोज ११ टाकतेय आणि अडलेय. इंटरनेटला जोडा म्हणतंय, आणि लॅनची वायर लावूनही नेटवर्क दिसत नाही.

झटपट_जोडणी

हे माझ्या ओळखीचं! तुमच्या बोर्डावरच्या लॅन चिपचा ड्रायव्हर विंडोजच्या यूएसबीत नसणार. लॅपटॉपवरून बोर्डाच्या उत्पादकाच्या पानावर जा, नेमकं मॉडेल आणि आवृत्ती बघून लॅनचा ड्रायव्हर डाउनलोड करा, झिप असेल तर उघडून दुसऱ्या यूएसबीवर टाका. त्याच पडद्यावर ड्रायव्हर इन्स्टॉल करायचं बटण दिसत असेल तर ते दाबून तो फोल्डर दाखवा. तसं बटण नसेल तर फोन यूएसबीनं जोडून त्याचं इंटरनेट द्या, बहुतेक अँड्रॉइड फोन लगेच चालतात. मग आत गेल्यावर बाकीचे ड्रायव्हर टाकता येतात.

अबोली_२७

फोननं काम झालं! विंडोज आलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हरही टाकला. पहिला रेंडर लावलाय आणि शेजारच्या खिडकीत हे लिहितेय, याचा आनंद वेगळाच आहे. दोन शंका उरल्या. रेंडर करताना प्रोसेसर ८९ अंशांवर गेला, हे धोक्याचं आहे का? आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, पण लॅपटॉपपेक्षा फार वेगळं काही जाणवत नाहीये.

विद्युतवेडा

७६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोहोचला तर तो स्वतःच वेग कमी करतो. सोबत येणारा कूलर लहान आहे, पूर्ण लोडला ८९ म्हणजे त्याची ताकद संपत आलीय एवढंच. आवाज त्रास देत असेल तर बायोसमध्ये इको मोड शोधा. प्रोसेसर कमी वीज घेतो, तापमान बरंच उतरतं, आणि रेंडरला लागणारा वेळ थोडासाच वाढतो. रोज तासन्‌तास रेंडर करणार असाल तर पुढे एखादा टॉवर कूलर घ्या, मात्र त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का ते आधी बघा. जुन्या पेस्टवर नवा कूलर ठेवायचा नाही, पुसून नवी लावायची.

पंख्यांची दिशाही एकदा बघून घ्या. पंख्याच्या ज्या बाजूला मधल्या मोटरला धरणाऱ्या काड्या असतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. पुढच्या पंख्यांच्या काड्या आतल्या बाजूला हव्यात, मागच्याच्या बाहेरच्या.

स्क्रूमास्तर

मॉनिटरची वायर कुठे लावलीय ते आधी बघा. टेबलावर बोर्डाच्या एचडीएमआयला होती, ती तशीच तिथे गेली असेल. आता ती ग्राफिक्स कार्डाला हवी, मागच्या बाजूला खाली, जिथे आडवे पोर्ट आहेत. शक्यतो डिस्प्लेपोर्टची वायर वापरा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट १४४ निवडा. विंडोज बरेचदा ६० वरच ठेवतं, मॉनिटर कितीचाही असो.

अबोली_२७

वायर बोर्डालाच होती! बदलली, १४४ केलं. टाइमलाइन सरकवताना फरक लगेच दिसतोय. पंखे तिन्ही बरोबर दिशेला आहेत. इको मोडही सापडला, ४५ वॉटचा पर्याय निवडला आणि तोच रेंडर ७४ अंशांवर चाललाय. आज रात्री एक्स्पो लावते आणि मेमटेस्ट सोडून झोपते. उद्या सकाळी काय निघालं ते इथे लिहीन.